कुंपणाआडची राइड: बांधकाम पाहून चाहते अंदाज कसा बांधतात?

फ्लोरिडातील ऑरलँडो येथे युनिव्हर्सल कंपनीचे ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ हे उद्यान आहे. तेथे २०१९ पासून तळ्याच्या काठाला एक मोठी रोलर कोस्टर उभी राहू लागली. पर्यटक रोज तिच्या शेजारून ये-जा करत होते, क्रेनने उचललेले रूळ सगळ्यांना दिसत होते, आणि उद्यानाचे व्यवस्थापन मात्र तिच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. अधिकृत घोषणा झाली ती २८ सप्टेंबर २०२० रोजी, बांधकाम बरेच पुढे गेल्यावर. १० जून २०२१ रोजी ‘जुरासिक वर्ल्ड वेलॉसिकोस्टर’ या नावाने ही राइड लोकांसाठी खुली झाली. घोषणेच्या कितीतरी आधीच चाहत्यांनी तिचा निर्माता ओळखला होता आणि ती कुठे वेग घेणार, कुठे उलटी होणार, याचे आराखडे मांडून ठेवले होते.

ज्यांना या छंदाची ओळख नाही, त्यांना हे कोडे वाटते. आतल्या कोणीतरी माहिती फोडली असणार, असा पहिला संशय येतो. तसे कधी कधी घडतेही, पण बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या आधी मंडळे मंडपाला पडदे लावून आत देखावा उभारतात, तरी आळीतल्या मुलांना सुगावा लागतोच. परांच्या किती उंच बांधल्या, टेम्पोतून प्लायवूड उतरले की लोखंडी सांगाडे, मोटारी आल्या का, पाण्याची टाकी आली का, एवढ्यावरून देखावा हलता आहे की स्थिर आणि त्यात धबधबा आहे की नाही, हे ती मुले पैजेवर सांगतात. थीम पार्कचे चाहते करतात ते याच जातीचे काम आहे. फरक इतकाच की त्यांच्या मदतीला गुरुत्वाकर्षण असते, आणि ते कोणत्याही व्यवस्थापनाच्या आज्ञेत राहत नाही. सजावट, कथा आणि नाव पडद्याआड ठेवता येते. वजन आणि वेग यांना मात्र जमिनीत पाया लागतो, आणि तो पाया दिसतो.

गाडीला इंजिन नसते

रोलर कोस्टरच्या गाडीत इंजिन नसते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. पंप एकदा पाणी टाकीत चढवतो आणि पुढे ते पाणी घरातल्या प्रत्येक नळाला आपोआप उतरत राहते. टाकीपेक्षा उंच नळ बसवला, तर त्याला पाणी येणार नाही. जुन्या पद्धतीच्या कोस्टरमध्ये साखळी हा पंप असतो आणि पहिली चढण ही टाकी असते. साखळीने गाडी एकदा माथ्यावर नेऊन सोडली की नंतरचा सारा प्रवास त्या उंचीच्या जमेवर होतो. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध या जमेतून सतत काहीतरी वजा करत असतात, त्यामुळे पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा बुटकी ठेवावी लागते.

दुसरी पद्धत लाँचची. लाँच म्हणजे गाडीला सपाट किंवा थोड्या चढत्या रुळावर, बहुधा विद्युतचुंबकांच्या साहाय्याने, काही सेकंदांत वेग देणे. येथे टाकी भरण्याऐवजी पंपाचा दाब थेट नळीत सोडला जातो, आणि वाटेत आणखी एक पंप बसवून मध्येच पुन्हा दाब वाढवताही येतो. वेलॉसिकोस्टरमध्ये असे दोन लाँच आहेत. पहिल्यात गाडी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेग घेते आणि दुसऱ्यात सुमारे ११३.

बांधकामाकडे पाहणारा जाणकार पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही राइड टाकीची आहे की पंपाची. एका कोपऱ्यात सरळ, एकसारखी चढत जाणारी तिरपी रांग आणि तिच्या कडेने कामगारांसाठी पायऱ्या दिसल्या, तर ती साखळीची चढण असते. तशी चढण कुठेच नसेल, पण जमिनीलगत लांब, सरळ, खांबांनी दाटीवाटीने पेललेला रूळ असेल आणि त्याच्या पुढे एकदम उभा मनोरा, म्हणजे सरळ वर चढून पलीकडे उतरणारा रूळ असेल, तर तो लाँच असणार.

सोळाचे गणित

आता या साऱ्या अंदाजांच्या मुळाशी असलेले एक छोटे गणित पाहू. ते शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचे नाही. एखादी वस्तू किती मीटर खाली आली, त्या आकड्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला सोळाने गुणायचे, की ताशी किलोमीटरमध्ये तिचा जास्तीत जास्त वेग मिळतो. पंचवीस मीटर उतार असेल तर पाच गुणिले सोळा, म्हणजे ऐंशी. शंभर मीटर असेल तर दहा गुणिले सोळा, म्हणजे एकशे साठ. उंची चौपट झाली तरी वेग दुप्पटच होतो, हे येथे ध्यानात येते. गाडी भरलेली आहे की रिकामी, याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही, कारण वजन दोन्ही बाजूंनी कटते.

खऱ्या राइडवर हे ताडून पाहू. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट हे जुने उद्यान आहे. तेथील ‘मिलेनियम फोर्स’ २००० साली सुरू झाली आणि तिचा मोठा उतार ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर आहे. आपल्या सूत्राने वेग येतो ताशी १५३ किलोमीटर, आणि प्रत्यक्षात तो सुमारे १५० आहे. जे तीन कमी पडले, ते घर्षणाने आणि हवेने खाल्ले.

लाँचच्या राइडला हेच गणित उलटे लावायचे. मनोरा किती उंच आहे हे कळले, तर तो ओलांडायला किमान किती वेग लागेल हे सांगता येते. त्याच उद्यानातील ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ २००३ साली सुरू झाली तेव्हा तिचा मनोरा ४२० फूट, म्हणजे १२८ मीटर होता. सूत्राप्रमाणे तो चढण्यासाठी ताशी १८१ किलोमीटर वेग हवा, आणि लाँच देत असे सुमारे १९३. म्हणजे हाती उरणारी शिल्लक बेताचीच होती. वारा किंवा लाँचच्या ताकदीतील किरकोळ घट यांमुळे ती शिल्लक संपली, की गाडी माथ्याजवळ पोहोचून परत खाली घसरत येई आणि लाँचच्या रुळावरचे ब्रेक तिला थांबवीत. हा अपघात नव्हता. तसे होऊ शकते हे गृहीत धरूनच ती राइड बांधली होती, आणि अशी परत आलेली गाडी मिळाली तर चाहते स्वतःला नशीबवान समजत.

वेलॉसिकोस्टरचा मनोरा ४७ मीटरचा आहे. वर्गमूळ सुमारे ६.८६, गुणिले सोळा, म्हणजे जवळजवळ ११०. दुसऱ्या लाँचचा जाहीर झालेला वेग ११३ आहे. इतकी थोडी शिल्लक पुरते कशी, असा रास्त प्रश्न येथे पडेल. त्याचे उत्तर असे की गाडी लांब असते. तिचा मधला डबा माथ्यावर असतो तेव्हा पुढचे आणि मागचे डबे माथ्याच्या खालीच असतात, त्यामुळे साऱ्या गाडीचे वजन कधीच एकदम ४७ मीटरवर चढवावे लागत नाही. छायाचित्रातील क्रेनच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या उंचीशी तुलना करून मनोऱ्याची उंची काढता येते, आणि मनोऱ्यावरून वेग. उद्यानाने तोंड उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

पाया काय सांगतो

सुरुवातीच्या महिन्यांत रूळही नसतात आणि खांबही. दिसतात ते काँक्रीटचे चौथरे आणि त्यांतून वर आलेले जाड बोल्ट. नवख्याला ते सगळे सारखेच वाटतात. प्रत्यक्षात या छंदातील सर्वांत हुशारीचे वाचन येथेच होते, आणि मला स्वतःला हा टप्पा सर्वांत आवडतो, कारण येथे निव्वळ तर्क चालतो.

प्रत्येक चौथरा एका खांबासाठी असतो आणि बोल्टांची मांडणी त्या खांबाच्या तळपट्टीशी जुळलेली असते. चौथरे लहान, जवळजवळ आणि एका सरळ रेषेत असतील, तर वर स्थानक, ब्रेक किंवा लाँच येणार. चौथरे थोडे, पण प्रचंड आणि एकमेकांपासून दूर असतील, तर उंच भाग येणार. वळणाच्या बाहेरच्या अंगाला जोडीने चौथरे आले, तर तेथे एक खांब उभा आणि दुसरा तिरपा, पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा आधार असणार, कारण वेगात वळणारी गाडी रुळाला बाहेरच्या बाजूला ढकलते. खंडाळ्याच्या घाटात एस.टी. वळताना आपण खिडकीकडे कलंडतो, तोच हा जोर. आधार जितका भक्कम, तितके वळण वेगाचे.

चौथऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींना छेदत असतील, तर तेथे एक रूळ दुसऱ्याच्या वरून जाणार हे निश्चित. मोठी मोकळी जागा सोडून दोन्ही बाजूंना मोठे चौथरे आले, तर मधल्या भागात रूळ उंचावरून झेप घेणार. असे दहा-बारा तुकडे जुळले की कागदावर आराखडा उमटू लागतो. काही चाहते हे काम विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून इतके काटेकोर करतात की त्यांचा नकाशा पुढे प्रत्यक्ष रुळांशी ताडून पाहिला तरी थोडाच फरक निघतो.

येथे एक सावधगिरी हवी. चौथऱ्याचा आकार केवळ वरच्या भारावर ठरत नाही, खालच्या मातीवरही ठरतो. भुसभुशीत किंवा पाणथळ जमिनीत साध्या खांबालाही खोल पाया लागतो आणि खडकात उंच खांबही आटोपशीर पायावर उभा राहतो. कोकणात घर बांधलेला आणि देशावर घर बांधलेला गवंडी हे लगेच सांगेल.

रुळांवरून निर्माता

मग ट्रकमधून रुळांचे तुकडे येतात. जगात मोठ्या रोलर कोस्टर बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत आणि प्रत्येकीची बांधणी हस्ताक्षरासारखी ओळखता येते. स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबिलार्ड या कंपनीच्या रुळांखाली बहुधा चौकोनी, पोकळ पेटीसारखा कणा असतो. त्या पोकळीमुळे गाडी जाताना घुमणारी गर्जना होते, आणि शेजारी वस्ती असेल तर आवाज मारण्यासाठी काही उद्यानांनी रुळांत वाळू भरली आहे. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ याच कंपनीची आहे. पुढच्या वेळी तेथे गेलात तर रुळांच्या खालच्या बाजूला मुद्दाम पाहा.

इंटामिन या कंपनीचे रूळ वेगळे दिसतात. दोन, तीन किंवा चार नळ्या आडव्या-तिरप्या जोडांनी बांधून शिडीसारखी रचना केलेली असते. वेलॉसिकोस्टर इंटामिनची आहे, हे पहिल्या तुकड्यांवरूनच ओळखू आले. अमेरिकेतील रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन ही कंपनी जुन्या लाकडी कोस्टरचा सांगाडा ठेवून त्यावर पोलादी रूळ बसवते. सीडर पॉइंटने आपली ‘मीन स्ट्रीक’ ही लाकडी राइड सप्टेंबर २०१६ मध्ये बंद केली, पण सांगाडा पाडला नाही. पाडायचा असता तर तो कधीच पाडला गेला असता, एवढ्या एका गोष्टीवरून पुढचे अनुमान निघत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये घोषणा झाली आणि २०१८ साली त्याच सांगाड्यावर ‘स्टील व्हेंजन्स’ धावू लागली.

निर्माता कळल्याने एवढे काय साधते? शिंप्याचा हात ओळखला की शिवणीचा अंदाज येतो, तसे ते आहे. कोणती कंपनी किती उभा उतार देते, कोणाच्या गाडीत खांद्यांवरून कवच येते आणि कोणाची फक्त मांडीवर दांडी असते, कोणाच्या राइडमध्ये प्रवासी आसनातून उचलले गेल्यासारखे होतात, हे चाहत्यांना पाठ असते. रुळाचा पीळही बोलतो. तुकडा स्वतःभोवतीच अर्धा पिळलेला असेल, तर तो प्रवाशांना उलटे करणाऱ्या भागाचा असणार.

सरकारी कागदांत सापडणाऱ्या गोष्टी

आतापर्यंत आपण डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी पाहिल्या. माहितीचा दुसरा झरा कायद्यातून वाहतो. मोठे बांधकाम करायचे तर परवानगी लागते आणि अनेक देशांत परवानगीचे अर्ज जनतेसाठी खुले असतात.

इंग्लंडमध्ये याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्टॅफर्डशायरमधील ऑल्टन टॉवर्स. हे उद्यान जुन्या वाड्याच्या आणि ऐतिहासिक बागांच्या परिसरात आहे आणि आजूबाजूला गावे आहेत, म्हणून राइड झाडांच्या शेंड्यांपेक्षा वर दिसू नये अशी अट तेथे पाळावी लागते. ‘नेमेसिस’ ही राइड १९९४ साली सुरू झाली, तेव्हा उंची मिळत नाही म्हणून खडक सुरुंगाने फोडून खोल खड्डा केला आणि राइड त्या खड्ड्यात बसवली. उंची वर मिळाली नाही ती खाली मिळवली. सोळाच्या गणिताला वर-खाली कळत नाही, त्याला फक्त अंतर कळते.

हे उद्यान आपल्या नियोजित राइडला नावाऐवजी ‘सीक्रेट वेपन’ असे सांकेतिक नाव आणि क्रमांक देते. नेमेसिसचा क्रमांक तीन, १९९८ च्या ‘ऑब्लिव्हियन’चा चार, २०१३ च्या ‘स्मायलर’चा सात आणि २०१८ च्या ‘विकर मॅन’चा आठ. नाव गुप्त राहते, पण नगर परिषदेकडे दिलेल्या अर्जात उंची, बाजूने दिसणारा आकार, आवाजाचा अभ्यास आणि किती झाडे तोडणार, हे सगळे मांडावे लागते, कारण शेजाऱ्यांना हरकत घेण्याचा हक्क असतो. विकर मॅन लाकडी असणार, हे चाहत्यांना या नकाशांवरूनच समजले. युनिव्हर्सलने एप्रिल २०२५ मध्ये बेडफर्डजवळ नवे उद्यान उभारण्याची घोषणा केली आणि ते २०३१ मध्ये उघडण्याचे योजले आहे. तेथील कागदही आता असेच ओळीओळीने वाचले जातात.

अमेरिकेत आणखी एक गमतीची वाट आहे. जमिनीपासून २०० फुटांपेक्षा उंच काही बांधायचे असेल, तर विमान वाहतूक प्रशासनाला आधी कळवावे लागते आणि असे अर्ज पाहता येतात. एखाद्या उद्यानाच्या जागेवरून असा अर्ज गेला, की उंच राइड येणार ही बातमी फुटलीच. डिस्नेने ऑरलँडोत हा उंबरठा ओलांडण्याचे टाळले. तेथील ‘टॉवर ऑफ टेरर’ १९९ फूट आहे आणि ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’चा डोंगर २०० ला किंचितसा कमी. त्याहून उंच बांधले तर माथ्यावर विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात, आणि हिमालयाच्या शिखरावर लाल दिवा लुकलुकला तर सारी कल्पनाच मोडते.

एवढे सगळे कळते, तर उद्याने लपवतात कशाला?

ही पहिली शंका, आणि तिला एकाहून अधिक उत्तरे आहेत. सर्वांत साधे उत्तर धंद्याचे आहे. पुढच्या वर्षी मोठी राइड येणार असे आज सांगितले, तर यंदा येणारी काही कुटुंबे सहल पुढे ढकलतात. दुकानदार दिवाळीची सवलत आषाढात जाहीर करत नाही, त्याचे कारण हेच.

दुसरे कारण अनिश्चितता. जाहीर केलेली गोष्ट नंतर रद्द झाली, तर लोक ती विसरत नाहीत. डिस्नेने २०१९ मध्ये एपकॉट उद्यानासाठी मेरी पॉपिन्सवर आधारित एका आकर्षणाची घोषणा केली होती. करोनाकाळात ते बाजूला पडले आणि आजही चाहते त्याची आठवण काढतात. त्याच काळात युनिव्हर्सलचे ऑरलँडोतील ‘एपिक युनिव्हर्स’ हे नवे उद्यानही २०२० मध्ये थांबले. त्याचे काम २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २२ मे २०२५ रोजी ते उघडले.

तिसरे कारण पैशाचे, आणि त्याचा इतिहास या छंदाइतकाच रंजक आहे. १९६० च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांनी फ्लोरिडात सुमारे २७,००० एकर जमीन वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली, कारण खरे नाव कळले असते तर भाव गगनाला भिडले असते. एवढी जमीन घेणारा कोण, यावर ऑरलँडोत तर्क चालू होते. ‘ऑरलँडो सेंटिनेल’च्या वार्ताहर एमिली बॅव्हर यांनी कॅलिफोर्नियात डिस्ने यांनाच थेट विचारले. त्यांनी नकार दिला, पण त्या नकारात फ्लोरिडाच्या हवामानाची आणि पर्यटनाची एवढी बारीक माहिती होती की बॅव्हर यांची खात्री पटली. ऑक्टोबर १९६५ मध्ये ती बातमी छापून आली आणि पुढच्याच महिन्यात अधिकृत घोषणा करावी लागली. आजचे चाहते चौथरे मोजतात, बॅव्हर यांनी उत्तरातील अनावश्यक तपशील मोजला. रीत एकच.

मग अंदाज कुठे फसतात?

अंदाज फसतात, आणि कुठे फसतात हे ठरलेले आहे. छपराखाली जे असते ते बाहेरून दिसत नाही. ऑल्टन टॉवर्सची ‘थर्टीन’ २०१० साली सुरू झाली, तेव्हा रूळ एका बंद इमारतीत शिरतो एवढे बाहेरून समजत होते. आत मात्र असे काही होते जे जगात आधी कोणी केले नव्हते. गाडी अंधारात थांबते आणि तिच्याखालचा रुळाचा तुकडा गाडीसकट काही मीटर खाली कोसळतो, मग गाडी उलट दिशेने बाहेर पडते. चौथऱ्यांच्या वाचनातून हे दिसले नसते.

दुसरी फसगत यंत्राच्या आतल्या भागाची. टॉप थ्रिल ड्रॅगस्टरवरून ऑगस्ट २०२१ मध्ये एक धातूची पट्टी सुटून रांगेतील एक महिला गंभीर जखमी झाली आणि राइड बंद पडली. पुढे तिचे नवे रूप आकाराला आले, त्याची घोषणा ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. जुन्या मनोऱ्याच्या विरुद्ध टोकाला तेवढाच उंच दुसरा मनोरा उभा राहिला. आपल्या गणिताने त्याचे प्रयोजन चांगले उलगडते. पहिल्या लाँचला गाडी ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेग घेते, आणि १२८ मीटरला तर १८१ हवेत, म्हणून ती अर्ध्यावरून परत येते. मागे जाताना दुसरा लाँच तिला १६३ पर्यंत नेतो आणि ती मागच्या मनोऱ्यावर चढते. तेथून उतरताना तिसऱ्यांदा जोर मिळून वेग १९३ होतो आणि मगच ती पुढचा मनोरा ओलांडते. हा सारा झुलण्याचा खेळ दुसरा मनोरा पाहून कोणालाही मांडता येतो. झोपाळ्यावर बसलेले मूलही असेच मागे-पुढे झोके घेत उंची वाढवते. पण ‘टॉप थ्रिल टू’ मे २०२४ मध्ये सुरू झाली आणि गाड्यांमध्ये बदल करणे गरजेचे ठरल्याने काही दिवसांतच बंद झाली, ती २०२५ च्या हंगामात परतली. गाडीच्या रचनेतील अडचण कुंपणाबाहेरून कोणाला दिसणार?

तिसरी फसगत इच्छेची असते आणि ती सर्वांत मोठी. एकट्या पेटंटवरून किंवा नोंदवलेल्या नावावरून राइड येणारच असे मानणारे नेहमी भेटतात. कंपन्या कित्येक पेटंट घेतात आणि वापरत नाहीत, नावे राखून ठेवतात आणि सोडून देतात. चौथरा म्हणजे खर्च झालेला पैसा. कागदावरचे नाव म्हणजे केवळ शक्यता. या दोहोंना सारखे वजन देणारा अंदाज माझ्या लेखी निरुपयोगी आहे.

हे कुंपणातून डोकावणे नव्हे का?

खुला अर्ज वाचणे, सार्वजनिक रस्त्यावरून छायाचित्र काढणे, दिसलेल्या खांबाचे गणित मांडणे, यात गैर काही नाही. पत्र्याची फट वाकवून आत शिरणे, क्रेनच्या आसपास ड्रोन उडवणे किंवा कामगाराला नोकरी धोक्यात घालून बोलते करणे, हे गैर आहे आणि धोक्याचेही आहे. बहुतेक जुनेजाणते चाहते ही रेघ कसोशीने पाळतात आणि नवख्यांना बजावतातही.

सामान्य पर्यटकाला याचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो समजण्यासाठी ‘ब्लॉक’ ही एक संज्ञा लागेल. ती रेल्वेतूनच आलेली आहे. लोहमार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असावी म्हणून सिग्नल असतात. रोलर कोस्टरचे रूळही असेच ब्लॉकमध्ये विभागलेले असतात. पुढचा ब्लॉक रिकामा नसेल तर गाडी आधीच्या ब्लॉकच्या शेवटी ब्रेकवर किंवा चढणीवर थांबते. मध्येच सपाट रूळ आणि त्याच्या शेजारी उतरायच्या पायऱ्या दिसल्या, तर तो ब्लॉकचा ब्रेक असतो.

ब्लॉक मोजले की एकाच वेळी किती गाड्या धावू शकतील हे कळते, आणि त्यावरून रांग. वेलॉसिकोस्टरच्या एका गाडीत २४ जण बसतात. समजा, दर मिनिटाला एक गाडी सुटली, तर तासाला १,४४० माणसे जातील. तुमच्यापुढे तेवढी माणसे असतील तर तासभर उभे राहावे लागेल. हाच वेळ दीड मिनिटावर गेला तर तासाला ९६० च माणसे जातील आणि तीच रांग दीड तासाची होईल. मुलांना घेऊन उन्हात उभे राहणाऱ्या कुटुंबासाठी हा आकडा राइडच्या वेगापेक्षा मोलाचा आहे.

ब्लॉकचा दुसरा संबंध जिवाशी आहे. २ जून २०१५ रोजी ऑल्टन टॉवर्सच्या स्मायलरवर एक रिकामी गाडी रुळावर अडकली होती. ब्लॉक यंत्रणेने मागच्या भरलेल्या गाडीला बरोबर थांबवले होते, पण रूळ मोकळा आहे असे समजून तो थांबा माणसांनी हाताने उठवला आणि टक्कर झाली. अनेक जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला आणि उद्यान चालवणाऱ्या कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. यंत्रणेने थांबवलेली गाडी का थांबली आहे, हे पूर्ण उमगल्याशिवाय ती सोडायची नसते. म्हणून राइड मध्येच थांबली आणि कर्मचाऱ्यांनी वेळ घेतला, तर रांगेत चिडणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरेसे ठरावे.

शेवटचे रूळ बसल्यावर

शेवटचा तुकडा बसला की क्रेन निघून जातात आणि चाहत्यांचे लक्ष गाडीकडे वळते. प्रवाशांचे हातपाय जिथवर पोहोचू शकतात तेवढ्या मापाची चौकट डब्यावर बसवून गाडी रुळांवरून सावकाश नेली जाते आणि ती चौकट कुठल्या खांबाला किंवा भिंतीला घासत नाही ना, हे तपासले जाते. नंतर आसनांवर माणसाच्या आकाराच्या, पाण्याने भरलेल्या बाहुल्या बांधून गाडी पूर्ण वेगाने धावते, पुन्हा पुन्हा, दिवसेंदिवस. त्या पहिल्या धावेला कुंपणाबाहेर उभे असलेले लोक घड्याळ लावून बसतात. लाँचच्या दोन टोकांमधले अंतर त्यांना आधीच ठाऊक असते, मनोऱ्याची उंचीही. गाडी माथा ओलांडते की परत येते, एवढेच पाहायचे राहिलेले असते.